सोबतीचे उपचार

घरात कोणी आजारी पडले, की सल्ला देणाऱ्यांना तोटा नसतो. शेजारच्या खाला आल्याचा काढा सांगतात. दादी रात्री हळद घातलेले दूध द्यायला सांगतात. कोणी प्राणायाम सुचवतो, कोणी हकीमसाहेबांकडून माजून आणून देतो. घरातील वडीलधारी माणसे दुआ करतात. शिवाय डॉक्टरांची चिठ्ठी आणि गोळ्या असतातच. एका रुग्णाच्या उशाशी अशा कितीतरी गोष्टी जमा होतात. त्या सगळ्या प्रेमापोटीच आलेल्या असतात. पण त्यांतील कोणती गोष्ट आजार बरा करते, कोणती नुसता आराम देते आणि कोणती अपाय करू शकते, हे कोण सांगणार?

हे समजण्यासाठी आधी दोन शब्द नीट ओळखू या. पहिला शब्द ‘पूरक’ आणि दुसरा ‘पर्यायी’. पूरक म्हणजे उणीव भरून काढणारे, मूळ वस्तूच्या सोबत येणारे. पर्यायी म्हणजे एका वस्तूच्या जागी येणारे. चपातीबरोबर आपण भाजी खातो. तेथे भाजी पूरक आहे. चपातीऐवजी भात खाल्ला, तर भात पर्यायी झाला. उपचारांचेही असेच आहे. डॉक्टरांचे औषध चालू ठेवून त्याच्या सोबत जे केले जाते तो पूरक उपचार. औषध सोडून त्याच्या जागी जे केले जाते तो पर्यायी उपचार. दोन्हीकडे काढा एकच असेल, दूधही एकच असेल. पण एक रुग्णाला मदत करील आणि दुसरा त्याच्या जिवावर बेतेल.

क्षयरोगाचे उदाहरण घेऊ. उर्दूत याला आपण ‘दिक’ किंवा ‘तपेदिक’ म्हणतो; बोलताना बहुतेक लोक टी.बी. म्हणतात. हा रोग एका सूक्ष्म जंतूमुळे होतो. हा जंतू रॉबर्ट कॉख या जर्मन शास्त्रज्ञाने शोधून काढला आणि २४ मार्च १८८२ रोजी त्याने ही गोष्ट जगाला सांगितली. म्हणून २४ मार्च हा दिवस जागतिक क्षयरोग दिन म्हणून पाळला जातो. रोगाचे कारण कळले, पण त्यानंतर साठ वर्षे त्यावर खात्रीचे औषध नव्हते. त्या काळात डॉक्टर रुग्णाला मोकळी हवा, पूर्ण विश्रांती आणि सकस आहार घ्यायला सांगत. त्यासाठी डोंगरावर, थंड हवेच्या ठिकाणी खास रुग्णालये बांधली गेली. त्यांना आरोग्यधाम किंवा सॅनेटोरियम म्हणत. आपल्या महाराष्ट्रात पाचगणीला असे आरोग्यधाम १९१२ मध्ये सुरू झाले. काही रुग्णांना तेथे गुण येई, पण अनेक रुग्ण दगावत. शिवाय महिनोन्महिने तेथे राहणे गरिबाला परवडणारे नव्हते.

१९४३ मध्ये अमेरिकेत स्ट्रेप्टोमायसिन हे औषध सापडले. १९५२ पासून आयसोनियाझिड ही स्वस्त गोळी मिळू लागली. आता जंतूंना मारणारे औषध हाती आले. तरीही एक प्रश्न उरला. औषध मिळाले तरी रुग्णाला चांगली हवा, विश्रांती आणि सकस अन्न यांवाचून बरे वाटेल काय? तसे नसेल, तर दाट वस्तीत राहणाऱ्या गरीब रुग्णाने काय करावे? भारतात रुग्ण लाखांच्या संख्येने होते आणि आरोग्यधामांतील खाटा थोड्या होत्या.

या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी १९५६ मध्ये मद्रास शहरात, म्हणजे आजच्या चेन्नईत, एक मोठा प्रयोग सुरू झाला. शहराच्या गरीब वस्तीतील १९३ रुग्ण निवडण्यात आले. त्यांचे दोन गट केले. एका गटाला वर्षभर आरोग्यधामात ठेवले. तेथे त्यांना चांगले अन्न, मोकळी हवा आणि विश्रांती मिळाली. दुसऱ्या गटाला आपापल्या घरीच राहू दिले. त्यांची घरे लहान होती, जेवण बेताचे होते आणि पुष्कळांना कामही करावे लागत होते. दोन्ही गटांना औषधे मात्र अगदी सारखीच दिली. वर्षभराने तपासणी केली, तेव्हा दोन्ही गटांतील बहुतेक रुग्ण सुधारलेले दिसले. आरोग्यधामातील निकाल थोडा सरस होता, पण फरक मोठा नव्हता. पुढे पाच वर्षे या रुग्णांवर लक्ष ठेवले, तेव्हा तर दोन्ही गटांची स्थिती जवळजवळ सारखीच आढळली. पहिल्या वर्षाचा निष्कर्ष १९५९ मध्येच प्रसिद्ध झाला होता आणि पुढे जगभर क्षयरोगावर घरी राहून उपचार घेण्याची पद्धत रूढ झाली.

या प्रयोगाने एक गोष्ट स्पष्ट केली. क्षयाच्या जंतूंना मारते ते औषध. केवळ हवा, केवळ अन्न किंवा केवळ विश्रांती हे काम करू शकत नाही.

मग सकस अन्नाचा काहीच उपयोग नाही का? तसे मुळीच नाही. याचे उत्तर झारखंड राज्याने दिले. तेथील चार जिल्ह्यांत २०१९ मध्ये दुसरा एक प्रयोग सुरू झाला. क्षयाचे २,८०० रुग्ण आणि त्यांच्या घरांतील दहा हजारांहून अधिक माणसे त्यात सहभागी झाली. सर्व रुग्णांची औषधे चालू होती. त्यांना औषधांसोबत दरमहा धान्य, डाळ, दुधाची पावडर आणि तेल देण्यात आले. काही रुग्णांच्या घरच्या माणसांनाही धान्य, डाळ आणि जीवनसत्त्वाच्या गोळ्या दिल्या. काहींच्या घरच्यांना दिल्या नाहीत. २०२३ मध्ये निकाल प्रसिद्ध झाला. ज्या घरांत सर्वांना पुरेसे अन्न मिळाले, तेथे नव्याने क्षय होण्याचे प्रमाण इतर घरांपेक्षा सुमारे ४० टक्क्यांनी कमी होते. ज्या रुग्णांचे वजन पहिल्या दोन महिन्यांत वाढले, त्यांच्यात मृत्यूचे प्रमाणही कमी होते.

आता मद्रास आणि झारखंड ही दोन ठिकाणे शेजारी ठेवून पाहा. एक सांगते, अन्न औषधाची जागा घेऊ शकत नाही. दुसरे सांगते, अन्न औषधाला मोठा हात देते. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. पूरक उपचाराचे याहून चांगले उदाहरण कोणते? सरकारने २०१८ पासून क्षयरुग्णांना आहारासाठी दरमहा ५०० रुपये द्यायला सुरुवात केली आणि नोव्हेंबर २०२४ पासून ही रक्कम १,००० रुपये केली. क्षयाची तपासणी आणि गोळ्या सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात.

आता हकीम आणि वैद्य यांच्या औषधांकडे वळू. युनानी आणि आयुर्वेद या जुन्या उपचारपद्धती आहेत. त्यांची महाविद्यालये आहेत, पदव्या आहेत. झाडपाल्याच्या औषधात काही दम नसतो असे म्हणणे चुकीचे आहे. सर्पगंधा या वनस्पतीची गोष्ट ऐका. हिची मुळी आपल्या देशातील वैद्य आणि हकीम झोप न येणे, वेड लागणे अशा विकारांवर शेकडो वर्षे वापरत आले. दिल्लीचे प्रसिद्ध हकीम अजमल खान यांना वाटे, की जुन्या औषधांची नव्या विज्ञानाने परीक्षा झाली पाहिजे. त्यांच्या प्रयत्नांतून उभ्या राहिलेल्या तिब्बिया महाविद्यालयात सलीमुज्जमान सिद्दिकी या रसायनशास्त्रज्ञाने सर्पगंधाच्या मुळीवर काम केले. १९३१ मध्ये त्यांनी तिच्यातून एक द्रव्य वेगळे काढले. हकीमसाहेब त्याआधीच, १९२७ मध्ये, निवर्तले होते. त्यांची आठवण म्हणून सिद्दिकींनी त्या द्रव्याला ‘अजमलीन’ असे नाव दिले. पुढे हे द्रव्य हृदयाचे ठोके नियमित करण्यासाठी वापरले गेले.

याच मुळीवर मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनीही अभ्यास केला. रक्तदाब वाढलेल्या रुग्णांना त्यांनी सर्पगंधा दिली, रक्तदाब वरचेवर मोजला आणि नोंदी ठेवल्या. १९४९ मध्ये त्यांचा लेख एका ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात छापून आला आणि सर्पगंधाचे नाव जगभर झाले. तीन वर्षांनी तिच्यातून रेसरपीन हे द्रव्य वेगळे करण्यात आले. रक्तदाबावरील सुरुवातीच्या औषधांत त्याची गणना होते. पण लवकरच असेही दिसून आले, की हे औषध जास्त मात्रेत घेणाऱ्या काही रुग्णांच्या मनाला खोल उदासी येते.

या गोष्टीतून दोन बोध मिळतात. वनस्पतीत खरोखर औषध असू शकते, हा पहिला बोध. आणि ज्यात गुण असतो त्यात अवगुणही असू शकतो, हा दुसरा. ‘झाडपाल्याचे आहे, त्याने काय अपाय होणार?’ असे आपण सहज म्हणतो. पण ज्या मुळीने रक्तदाब उतरतो, ती मुळी रक्तदाबाच्या गोळीबरोबर घेतली तर तो वाजवीपेक्षा जास्त उतरू शकतो. डॉक्टरांना मुळीची माहिती नसेल, तर चक्कर कशाने येते हे त्यांना तरी कसे कळणार?

अशी उदाहरणे आपल्या स्वयंपाकघरातही सापडतात. मेथी आणि कारले रक्तातील साखर थोडी कमी करू शकतात. मधुमेहाच्या गोळ्या घेणाऱ्याने कारल्याचा रस मोठ्या प्रमाणात सुरू केला, तर साखर एकदम उतरून घाम फुटतो आणि भोवळ येते. जेष्ठमध, म्हणजे मुलेठी, घसा दुखत असताना चघळले तर बरे वाटते. पण रोज पुष्कळ घेतले तर रक्तदाब वाढतो. लोहाची गोळी चहाबरोबर घेतली तर लोह शरीरात कमी शोषले जाते. इसबगोल पोट साफ करते. पण इतर औषधाबरोबर लगेच घेतले तर ते औषध नीट शोषले जात नाही, म्हणून दोन्हींत अंतर ठेवावे लागते. भाजीत घातलेली मेथी किंवा चहात घातलेले आले यांची कोणी धास्ती घेऊ नये. रोजच्या जेवणातला पदार्थ आणि औषध म्हणून मात्रेने घेतलेला पदार्थ यांत फरक आहे.

क्षयाच्या रुग्णाने तर विशेष काळजी घ्यावी लागते. क्षयाच्या काही गोळ्यांचा ताण यकृतावर, म्हणजे जिगरवर पडतो. बहुतेक रुग्णांचे यकृत हा ताण सहन करते. पण त्याच वेळी अनोळखी चूर्ण, भस्म किंवा कुश्ता पोटात गेला, तर भार वाढू शकतो. अमेरिकेतील बॉस्टन शहराच्या परिसरात दुकानांत विकली जाणारी, दक्षिण आशियात तयार झालेली ७० आयुर्वेदिक औषधे संशोधकांनी तपासली. २००४ मध्ये त्यांनी प्रसिद्ध केले, की त्यांपैकी १४ औषधांत शिसे, पारा किंवा आर्सेनिक हे विषारी पदार्थ आढळले. याचा अर्थ प्रत्येक पुडी विषारी असते असा नाही. पण जिच्यावर घटकांची नावे नाहीत, बनवणाऱ्याचा पत्ता नाही, अशी पुडी घेऊ नये हे मात्र नक्की. क्षयाच्या गोळ्या चालू असताना भूक अजिबात मेली, उलट्या होऊ लागल्या किंवा डोळे पिवळे दिसू लागले, तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा. रिफाम्पिसिन या गोळीमुळे लघवी तांबूस होते. त्याने मात्र घाबरू नये. तो गोळीचा रंग असतो.

आता सर्वांत मोठा धोका पाहू. समजा, भिवंडीतील एका यंत्रमाग कामगाराला क्षय झाला. त्याला सहा महिन्यांचा उपचार सांगितला आहे. पहिले दोन महिने त्याने गोळ्या नेमाने घेतल्या. सोबत अंडी, दूध आणि एका ओळखीच्या माणसाने दिलेला काढाही घेतला. खोकला थांबला, ताप गेला, अंगावर मांस आले. तेव्हा त्याला वाटले, ‘काढा लागू पडला. गोळ्या गरम पडतात. आता नुसता काढाच घ्यावा.’ कोणाला न सांगता त्याने गोळ्या बंद केल्या. ज्या दिवशी त्याने पहिली गोळी सोडली, त्या दिवशी पूरक असलेला काढा पर्यायी झाला. काढा तोच, पेला तोच. पण आता तो एकटा पडला.

पुढे काय होते? पहिल्या दोन महिन्यांत बहुतेक जंतू मरतात, म्हणून रुग्णाला बरे वाटते. परंतु थोडे चिवट जंतू फुप्फुसात दडून राहतात. त्यांना मारण्यासाठीच पुढचे चार महिने असतात. उपचार अर्धवट सुटला, की हे जंतू पुन्हा वाढतात आणि रोग उलटतो. गोळ्या कधी घेतल्या, कधी सोडल्या, असे चालले तर जंतू त्या गोळ्यांना दाद देईनासे होतात. अशा क्षयावर अधिक कडक औषधे द्यावी लागतात आणि उपचार पुष्कळदा लांबतो. शिवाय हे हट्टी जंतू खोकल्यावाटे घरातील लहान मुलांपर्यंत पोहोचतात. एका माणसाने केलेल्या धरसोडीची किंमत सारे घर मोजते.

ही गोष्ट केवळ क्षयाची नाही. अमेरिकेतील येल विद्यापीठाच्या संशोधकांनी कर्करोगाच्या रुग्णांच्या नोंदी तपासल्या. ज्यांनी नेहमीचे उपचार सोडून केवळ पर्यायी उपचार घेतले, त्यांच्यात मृत्यूचा धोका सुमारे अडीच पट होता. २०१८ मध्ये त्यांनी आणखी एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात नेहमीच्या उपचारांसोबत इतर उपचार घेणारे रुग्ण होते. त्यांच्यातही धोका सुमारे दुप्पट दिसला. असे का व्हावे? बारकाईने पाहता कळले, की यांपैकी अनेकांनी शस्त्रक्रिया, औषधे किंवा किरणोपचार यांपैकी काहीतरी नाकारले होते. नुकसान झाले ते मुख्यतः त्या नकारामुळे. पूरक म्हणून आलेली गोष्ट हळूच मुख्य उपचाराच्या जागी जाऊन बसली होती.

म्हणून सोबतीचे उपचार टाळायचे का? नाही. रुग्ण म्हणजे केवळ फुप्फुस किंवा यकृत नव्हे. त्याला भीती वाटते, झोप येत नाही, एकटेपणा वाटतो. हलका व्यायाम, शांत श्वसन, आवडीचे पथ्यकर अन्न, नमाज आणि दुआ, घरच्या माणसांचा सहवास यांनी त्याच्या मनाला उभारी येते. मन स्थिर असले, की सहा महिन्यांच्या गोळ्या घेण्याचे बळही येते. आपल्याकडे ‘दवा आणि दुआ’ असे जोडीने म्हणतात. त्यातला ‘आणि’ हा शब्द महत्त्वाचा आहे. तेथे ‘किंवा’ म्हटलेले नाही.

सोबतीचा कोणताही उपचार सुरू करण्यापूर्वी तीन प्रश्न विचारावेत. याच्यासाठी चालू औषध बंद करायला किंवा कमी करायला सांगितले जात आहे का? यात काय काय आहे, हे स्पष्ट लिहिले आहे का? आणि डॉक्टरांना हे सांगितले आहे का? पहिल्या प्रश्नाचे उत्तर ‘होय’ आले, तर आधी आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय पुढे जाऊ नये. चांगला हकीम किंवा चांगला वैद्य चालू गोळ्या परस्पर बंद करायला सांगत नाही. दोन आठवड्यांहून जास्त खोकला असलेल्या माणसाला तो स्वतःच थुंकी तपासायला पाठवतो.

डॉक्टरांना सांगायला अनेक लोक संकोचतात. ते रागावतील, असे वाटते. पण न सांगण्याने त्यांचा राग टळत असेल, रुग्णाचा धोका टळत नाही. माजून, काढा, चूर्ण, दुकानातून आणलेली वेदनाशामक गोळी, सर्व काही सांगावे.

विद्यार्थी मित्रांनो, या कामी तुम्हीही उपयोगी पडू शकता. पुष्कळ घरांत औषधाच्या पाकिटावरचा मजकूर वाचू शकणारे तुम्हीच असता. डॉक्टरांच्या सूचना मराठीत, इंग्रजीत लिहिलेल्या असतात. त्या दादीला उर्दूत समजावून सांगता येतील. एका वहीत रुग्ण काय काय घेतो आणि कधी घेतो, हे लिहून काढा. गोळ्या, काढा, माजून, सगळे एकाच पानावर लिहा आणि दवाखान्यात जाताना ती वही बरोबर न्या. डॉक्टरांना ते पान दाखवायला दोन मिनिटे पुरतात, आणि त्या दोन मिनिटांत एखाद्याचा जीव वाचू शकतो.

शब्दार्थ

उशाशी – उशीजवळ, सिरहाने
दगावणे – मरण पावणे
सकस – शरीराला बळ देणारे
निष्कर्ष – तपासणीतून निघालेले मत, नतीजा
निवर्तणे – मरण पावणे
यकृत – जिगर
पथ्य – परहेज
मात्रा – औषधाचे ठरलेले प्रमाण, खुराक
धरसोड – कधी करणे, कधी सोडून देणे
उभारी – उत्साह, हौसला

स्वाध्याय

१. ‘पूरक’ आणि ‘पर्यायी’ या शब्दांतील फरक तुमच्या घरातील एक उदाहरण देऊन सांगा.
२. मद्रासच्या प्रयोगात दोन गटांना कोणती गोष्ट सारखी दिली आणि कोणत्या गोष्टी वेगळ्या होत्या?
३. ‘अजमलीन’ हे नाव कोणाच्या स्मरणार्थ दिले गेले?
४. यंत्रमाग कामगाराचा काढा पर्यायी केव्हा झाला? का?
५. ‘दवा आणि दुआ’ यातील ‘आणि’ हा शब्द महत्त्वाचा का आहे? चार-पाच वाक्यांत लिहा.
६. तुमच्या घरी कोणी नेहमी औषध घेत असेल, तर त्यांना विचारून औषधांचे व घरगुती उपायांचे एक पान तयार करा.